आधी पीठ बसवलं

शनिवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी माझ्या पोटात एका मोठ्या माणसाचा गुडघा रुतला. माझं खरं आयुष्य मी तिथून मोजते. त्याआधीचं सगळं नुसतं वाट बघणं होतं.

मी बाळाची सीट बोलतेय. गाडीत बसवायची. मी पाळणा नाही, झोपाळा नाही, आणि इस्त्रीचे कपडे ठेवायची खुर्ची तर अजिबात नाही. हे आधीच सांगते, कारण या घरात मला तिन्ही कामांना लावून झालं आहे.

माझा जन्म कारखान्यातला. साच्यातून बाहेर काढल्यावर एका बाईने माझ्या सगळ्या कडा हाताने चाचपून बघितल्या, कुठे टोचत तर नाही ना. मग फोम आला, कापड आलं, पट्टे आले. आमच्यातल्या काहींना बाजूच्या मोठ्या खोलीत न्यायचे. तिथे त्यांना एका लोखंडी गाड्यावर बांधून, आत बाहुलं बसवून, जोरात सोडायचे आणि एकदम थांबवायचे. त्या परत आल्या नाहीत. आम्ही बाकीच्या त्यांच्या जिवावर पास झालो. तेव्हा मला एवढंच कळलं, की माझं काम बसणं नाही. माझं काम न हलणं.

दुकानात मी काचेजवळ होते. लोक येत, माझ्यावर हात फिरवत, आणि दुसरा रंग आहे का विचारत. कशी बांधायची हे कुणी विचारलं नाही. दुकानातला माणूस मात्र न विचारता सांगायचा, दोन मिनिटांचं काम आहे. त्याला मूल नव्हतं आणि गाडीही नव्हती, त्यामुळे त्याला दोन मिनिटं पुरत असतील.

या घरात मला आणलं त्याचं कारण एक टेंगूळ.

टेंगूळ ढब्बूच्या कपाळावर आलं होतं. ढब्बू म्हणजे या घरातली नात. खरं नाव मोठं आणि छान आहे, पण गाल बघून आजीने पहिल्याच आठवड्यात ढब्बू म्हटलं आणि खऱ्या नावाची गरज संपली. तेव्हा ती आठ महिन्यांची होती. डॉक्टरकडून सुई टोचून आणताना ती आजीच्या मांडीवर होती आणि आजोबा गाडी चालवत होते. आजीला घरी सगळे माई म्हणतात आणि आजोबांना नाना. नाना हळूच चालवतात. इतके हळू, की सायकलवाले त्यांना मागे टाकताना वळून बघतात, गाडी बंद तर पडली नाही ना. तर समोर एक कुत्रं आडवं आलं आणि नानांनी ब्रेक दाबला. माईंनी दोन्ही हातांनी धरलं होतं, तरी ढब्बू साबणाच्या वडीसारखी निसटली आणि पुढच्या सीटवर कपाळ आपटलं.

फार लागलं नाही. ढब्बू थोडा वेळ रडली. कुत्र्याला काही झालं नाही. माई मात्र त्या विषयावर नंतर एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि माई एखाद्या विषयावर बोलत नाहीत असं सहसा होत नाही.

ढब्बूच्या आईची झोप त्या दिवसापासून उडाली. तशी ती आधीही फार झोपत नव्हती. गॅस बंद केला का ते ती दोनदा बघते, मग आपण दोनदा बघितलं होतं का ते बघायला तिसऱ्यांदा जाते. बाळ झोपलं की त्याच्या नाकाखाली बोट धरते. श्वास लागला की बाजूला होते आणि जरा वेळाने परत येते, मघाचा श्वास जुना झाला म्हणून. घरातले तिला हसतात. मी हसले नाही. आम्हा दोघींचं काम एकच. काहीतरी वाईट होईल असं धरून चालायचं, आणि नाही झालं तर कुणी आपलं नाव काढत नाही.

मी घरात आले तेव्हा नाना म्हणाले, चांगली आहे, प्लास्टिक काढू नका.

ही नानांची जुनी रीत. ते पाण्याच्या कचेरीत मीटर दुरुस्त करायचे. जन्मभर गंजलेल्या वस्तू बघितल्या, त्यामुळे त्यांचं मत असं झालं, की वस्तूचं प्लास्टिक काढलं की तिचं आयुष्य सुरू होतं, आणि सुरू झालेली गोष्ट संपते. म्हणून या घरात काही सुरूच होऊ दिलेलं नाही. फ्रिजच्या दारावर कंपनीचं निळं पातळ प्लास्टिक अजून आहे. टीव्हीचा रिमोट पिशवीत आहे आणि बटणं पिशवीवरूनच दाबायची. भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेला दुकानातलं गोल लेबल तसंच चिकटलेलं आहे, त्यामुळे चार ते सहामधली वेळ अंदाजाने सांगावी लागते.

आणि नानांची गाडी तर तळहातावरचा फोड. ती घेऊन सहा वर्षं झाली. सीटांवर कंपनीचं प्लास्टिक तसंच. प्लास्टिक फाटू नये म्हणून त्यावर कव्हर. कव्हर मळू नये म्हणून त्यावर घडी घातलेली चादर. उन्हाळ्यात माणूस बसला की आतून चुरचुर आवाज येतो आणि उतरताना सगळं मिळून थोडं त्याच्याबरोबर येतं. त्याबद्दल कुणी काही बोलत नाही. घरातल्या माणसाच्या खोडीबद्दल जसं बोलत नाहीत तसंच.

माझं प्लास्टिक मात्र ढब्बूच्या आईने पहिल्याच दुपारी भाजीच्या सुरीने कापलं. नाना म्हणाले, एवढी घाई काय होती. ती म्हणाली, नाना, त्यात बाळाला घाम येईल, तोंडावर आलं तर श्वास कोंडेल. नानांनी ते प्लास्टिक उचललं, नीट घडी घातली आणि कपाटात ठेवलं. अजून आहे.

आता शनिवारचं सांगते.

ढब्बूच्या आईची आई लांब राहते, जवळजवळ अर्ध्या दिवसाच्या रस्त्यावर. तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ती पलंगावरून उठू शकत नव्हती. नात जन्मली तेव्हा बघितली होती ती तेवढीच. नंतर सगळं फोनवर. तिकडून ती ढब्बूला हाका मारायची आणि इकडे ढब्बू फोन चाटायची. फोन ठेवल्यावर ढब्बूची आई तो पुसायची आणि पुसता पुसता तिचे डोळे भरून यायचे, हे मी कपड्यांखालून बघितलेलं आहे. रविवारी सकाळी तिकडे जायचं ठरलं. रस्ता मोठा, ट्रकचा. म्हणून शनिवारी मला बसवायचं.

बसवायला ढब्बूचे बाबा आले. ते फरशीच्या दुकानात काम करतात आणि दुपारपर्यंतची सुट्टी काढून आले होते. त्यांची ख्याती अशी, की सूचनांचा कागद न बघता ते कुठलीही वस्तू जोडतात. त्यांनी जोडलेल्या कपाटाचं एक दार अजून खालून वर उघडतं.

त्यांनी मला रस्त्याकडे तोंड करून ठेवलं. माझ्या कुशीवर एक चित्र आहे, त्यात लहान बाळ गाडीच्या मागच्या काचेकडे तोंड करून बसलेलं दाखवलं आहे. ढब्बूच्या आईने ते दाखवलं. बाबा म्हणाले, चित्र उलटं चिकटवलं असेल.

नाना म्हणाले, रस्त्याकडे पाठ करून बसायला ती काय रुसलीय?

मग तिने माझ्याबरोबर आलेली पुस्तिका आणली आणि बोट धरून वाचून दाखवली. बाळाचं डोकं जड असतं आणि मान कोवळी. ब्रेक लागला की तोंड पुढे असलेल्या बाळाचं डोकं एकदम पुढे झोकलं जातं. पाठ पुढे असली की सगळा झटका माझ्या पाठीवर येतो आणि बाळ माझ्यात दाबलं जातं, एवढंच. नानांनी सुचवलं, मग पुढे ड्रायव्हरशेजारी ठेवू, म्हणजे तिचं तोंड मला दिसेल. त्याचंही चित्र होतं, वर लाल फुली मारलेली. पुढच्या सीटसमोर हवेची पिशवी असते, ती फुटून बाहेर आली तर माझ्यासकट बाळावर आदळते. नाना म्हणाले, या कंपनीने सगळ्याचीच चित्रं काढून ठेवलीत.

मी उलटी फिरले. म्हणजे सुलटी झाले. मला नानांच्या मागे ठेवलं.

मग तो गुडघा आला. बाबांनी गाडीचा पट्टा माझ्या पोटातून घातला, गुडघ्याने मला दाबलं, पट्टा ओढला, खटका लावला, कपाळ पुसलं आणि मला एक थाप मारली. म्हणाले, दगड आहे दगड.

ढब्बूची आई आली. पट्टा माझ्या पोटातून जातो तिथे तिने एका हाताने धरलं आणि हलवलं. मी आधी डावीकडे गेले, मग उजवीकडे गेले.

"अहो, हलतेय."

"तू हलवलीस म्हणून हलली."

तिने परत हलवली. मी परत हलले.

मग दोन तास काय झालं ते थोडक्यात सांगते. पट्टा दोनदा उलटा घातला गेला. एकदा बाबांची बाही माझ्यासकट बांधली गेली. नानांनी जाड दोरी आणून मला पुढच्या सीटला बांधलं. नानांच्या गाठी सुटत नाहीत, कापाव्या लागतात. तिने परत हलवलं, तर मी, दोरी आणि पुढची सीट असे तिघे मिळून हललो. मग माझ्याखाली पोकळ वाटतंय म्हणून नानांनी आणखी एक चादर घडी करून सरकवली. आता मी उंच झाले आणि बोटीसारखी डुलायला लागले. माईंनी माझ्याकडे बघून म्हटलं, नाकापेक्षा मोती जड झाला.

माझ्या कुशीत एक लाल चिमटा आहे. नानांना तो फार आवडला. त्यांनी त्यावर आपला रुमाल अडकवला आणि म्हणाले, बघ, घाम पुसायची सोयसुद्धा दिलीय.

मला सगळं समजत होतं. माझ्याखाली दोन चादरी, त्याखाली कव्हर, त्याखाली ते गुळगुळीत प्लास्टिक. बाबा जीव खाऊन पट्टा ओढत होते, पण ते मला गाडीला बांधत नव्हते, कपड्यांच्या गाठोड्याला बांधत होते. गाठोडं बसलं, की पट्टा सैल. पण वस्तूला तोंड नसतं. असतं तर निम्म्या घरांतली भांडणं वाचली असती, आणि उरलेल्या निम्म्या घरांत वाढली असती.

शेवटी बाबा गाडीतून बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, रोज म्हणतेस आईकडे जायचंय, जायचंय. आता मी तयार, गाडी तयार, नाना तयार. तुलाच जायचं नाही का?

ती म्हणाली, "मला जायचंय हो. पण अशी नाही न्यायची तिला."

नाना म्हणाले, अगं पोरी, मी हळू चालवतो.

"तुम्ही हळूच चालवता, नाना. कुत्रं हळू येत नाही."

नानांनी दोरीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. ती घरात निघून गेली आणि धुतलेली दुधाची बाटली परत धुवायला लागली.

यापुढचं स्वयंपाकघरातलं मला दिसलं नाही, पण नंतर इतक्यांदा ऐकलंय की पाठ आहे. बाटली धुताना तिची नजर पिठाच्या डब्यावर गेली. तिने वजनाचा काटा काढला. तोही खोक्यातच होता, खोक्यावरच उभं राहायचं असतं. ती आधी ढब्बूला घेऊन उभी राहिली. मग ढब्बूला माईंकडे देऊन उशीच्या अभ्र्यात पीठ भरत गेली आणि तो अभ्रा कडेवर घेऊन उभी राहिली, काटा त्याच आकड्यावर येईपर्यंत. मग तोंड दोऱ्याने बांधलं. माई नुसत्या बघत होत्या. पीठ बाहेर न्यायच्या वेळी त्यांनी त्याला ढब्बूची टोपी घातली. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, असू दे, वारा आहे.

ढब्बूच्या आईने ते पीठ माझ्यात बसवलं, माझे पट्टे लावले आणि नानांना म्हणाली, "नाना, मागच्या गल्लीत एक फेरी मारू. मी कुत्रं म्हटलं की ब्रेक दाबा. पीठ जागेवर राहिलं, तर उद्या मी एक शब्द न बोलता गाडीत बसेन."

नानांनी पिठाकडे बघितलं. टोपीकडे बघितलं. मग चष्मा पुसून गाडीत बसले. बाबा त्यांच्या शेजारी, ढब्बूची आई मागे माझ्या बाजूला. माई ढब्बूला कडेवर घेऊन फाटकात उभ्या राहिल्या.

मागची गल्ली रिकामी होती. दोन बाजूंना भिंती, एका भिंतीवर वाळत घातलेली सतरंजी. नानांनी वळताना हात दाखवला आणि दिवाही लावला. गाडी नेहमीच्या चालीने निघाली. पीठ शांत बसलं होतं.

ती म्हणाली, "कुत्रं."

नानांनी ब्रेक दाबला.

आता मला खोटं बोलता येणार नाही. मी रोखायचा प्रयत्न केला. पण माझ्याखालचं सगळं एकदम पुढे सरकलं, चादरी, कव्हर, आणि त्यावर मी. मी सरकले, पट्ट्याला लटकले, आणि बाळाचं डोकं ज्या बाजूला असतं ती माझी बाजू खाली झुकून नानांच्या सीटवर आपटली. दोरीची गाठ सुटली नाही. अभ्र्याचा दोरा सुटला. टोपी आधी गेली आणि मागून पीठ गेलं, नानांच्या मानेवरून, डोक्यावरून, चष्म्यावरून, समोरच्या काचेपर्यंत.

गाडीत पांढरं झालं. कुणी खोकलं नाही. नानांनी चष्मा न काढता अंदाजाने हँडब्रेक ओढला.

मग ढब्बूच्या आईने चिमट्यावरचा रुमाल काढून पुढे दिला. नानांनी तोंड पुसलं. ती मात्र त्या चिमट्याकडे बघत राहिली. रुमाल निघाल्यामुळे त्यावर कोरलेली रेघ उघडी पडली होती. एका पट्ट्याचं चित्र, आणि तो पट्टा चिमट्याच्या मधून गेलेला.

गाडी फाटकाशी आली तेव्हा ढब्बूने नानांना बघितलं आणि ती खदाखदा हसली. तिला एकटीलाच हसू आलं. नाना खाली उतरले आणि म्हणाले, ब्रेक जरा जोरात लागला. बाबा म्हणाले, अभ्र्याचं तोंड नीट बांधायला हवं होतं. ढब्बूच्या आईच्या हातात रिकामी टोपी होती.

नानांनी अंगावरचं पीठ झाडलं. म्हणाले, याहून जाड दोरी आहे माझ्याकडे, वर माळ्यावर.

तेव्हा माई बोलल्या. त्या दिवसाबद्दल पहिल्यांदा. ओरडल्या नाहीत. ढब्बूला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेत म्हणाल्या, "मी धरलं होतं तिला. दोन्ही हातांनी, होता नव्हता तेवढा जोर लावून. तरी गेली. हे पीठ आहे म्हणून झाडताय."

नाना झाडायचे थांबले.

तसेच अर्धे पांढरे ते गाडीकडे वळले. मग त्यांनी दोरी कापली. मला दोन्ही हातांनी उचलून बाहेर ओट्यावर ठेवलं. वरची चादर काढली, खालची चादर काढली. कव्हराचे बंद सोडले, कव्हर काढलं. आणि मग ते त्या प्लास्टिकसमोर आले. त्यावरून एकदा हात फिरवला. मागे न बघता सुनेला म्हणाले, "ती भाजीची सुरी आण."

सहा वर्षांचं प्लास्टिक सहज निघत नाही. फार वेळ आवाज येत होता. शेजारच्या घरातलं कुणीतरी खिडकीत येऊन बघून गेलं. शेवटचा तुकडा निघाला तेव्हा आतलं कापड निळं निघालं. सहा वर्षं त्या गाडीत बसणाऱ्या सगळ्यांची समजूत होती की ते राखाडी आहे. नानांनी त्यावर तळहात ठेवला आणि म्हणाले, मऊ आहे.

मग मला नुसत्या सीटवर ठेवलं. मध्ये काही नाही. ढब्बूची आई पुस्तिका हातात घेऊन एकेक वाक्य वाचत होती आणि बाबा तेवढंच करत होते, त्याच्या पुढचं नाही. कपाटाच्या वेळी असं झालं असतं तर दार बरोबर उघडलं असतं. पट्टा पोटातून गेला, पीळ न पडता. खटका लागला. गुडघा आला, पण या वेळी तो मला उपयोगाचा होता. बाबांनी सगळं वजन टाकलं, नानांनी पट्टा ओढून घेतला, आणि तिने पट्टा त्या लाल चिमट्यात घालून चिमटा मिटला. टक् असा आवाज झाला. त्या आवाजासाठीच मला तो चिमटा दिला होता. सकाळपासून तो रुमाल सांभाळत होता.

तिने पट्ट्यापाशी धरून हलवलं.

गाडी हलली. मी नाही.

तिने परत हलवलं. मग बाबांनी. मग माईंनी, ढब्बूला बाबांकडे देऊन. शेवटी नानांनी, आणि त्यांनी सगळ्यात जास्त वेळ. मीटर बसवल्यावर पाइप कसा हलवून बघतात तसं, कान जवळ नेऊन.

उरलेलं पीठ परत अभ्र्यात भरलं. तोंड नानांनी बांधलं. दुसरी फेरी झाली, तीच गल्ली, तेच कुत्रं. पीठ जागचं हललं नाही. या फेरीबद्दल सांगण्यासारखं काही नाही, आणि घरातल्या सगळ्यांनी ते संध्याकाळपर्यंत पुन्हा पुन्हा सांगितलं.

रविवारी माझ्यात ढब्बू बसली. जाड स्वेटर आधी काढला, कारण पट्टा स्वेटरला घट्ट बसतो, बाळाला नाही. पट्टे लावून झाल्यावर वरून पांघरूण घातलं. तिच्या आईने खांद्यावरच्या पट्ट्याची चिमूट धरून बघितली. चिमटीत घडी आली नाही, म्हणजे सैल नव्हता. थोडा वेळ ढब्बूने निषेध केला. मग मागच्या काचेतून पळत जाणारी झाडं बघत झोपली. तिचं डोकं माझ्या खांद्याला टेकलं. मला वाटतं, मी तेव्हा पहिल्यांदा कुणाची तरी झाले.

मोठ्या रस्त्यावर, अर्ध्याहून जास्त वाट झाल्यावर, समोरच्या टेम्पोने एकाएकी ब्रेक लावला. नानांनीही लावला. खराखुरा. माझ्या शेजारी ठेवलेली फळांची पिशवी खाली गेली. माईंचे दोन्ही हात आपोआप पुढे आले. बाबांच्या तोंडून काहीतरी निघालं ते पूर्ण झालं नाही. मला सगळा झटका पाठीत बसला. पट्टा ताठ झाला, चिमट्याने धरलं, गाडीच्या निळ्या कापडाने मला सरकू दिलं नाही.

गाडी टेम्पोच्या मागे, जवळ, पण थांबली.

ढब्बूच्या आईने नाकाखाली बोट धरलं. मग कपाळावर हात फिरवला. तिथे काही नव्हतं. ढब्बूने झोपेतच तोंडातला अंगठा बदलला.

टेम्पो पुढे गेला. नाना लगेच निघाले नाहीत. आरशात बघून त्यांनी विचारलं, "झोपलीय?"

"झोपलीय."

"बरं."

माईंनी आपले हात मांडीवर परत घेतले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसल्या. मग एक हात माझ्या कडेवर ठेवला. उतरेपर्यंत काढला नाही.

तिकडे पोचल्यावर मला गाडीतच ठेवलं, त्यामुळे घरातलं काही दिसलं नाही. पण खिडकी उघडी होती. पलंगावरच्या बाईच्या हाका मी फोनवर ऐकल्या होत्या, तोच आवाज. मग तो आवाज एकदम थांबला. नंतर कळलं, ढब्बूने फोनऐवजी आजीचा गाल चाटला होता, आणि तो कुणी पुसला नाही.

याला आता काही वर्षं झाली. ढब्बू मोठी झाली. पुस्तिकेत लिहिलेल्या उंची-वजनापर्यंत ती मागे तोंड करूनच बसली, मग मला फिरवलं, आणि फिरवल्यावर सगळ्यांनी रांगेने हलवून बघितलं. माझ्या फटींत बिस्किटांचा चुरा आहे, एक खडू आहे, आणि शिवणीत थोडं पीठ आहे, ते काही निघत नाही. बाबा आता कुठलीही वस्तू आणली की आधी कागद मागतात. वाचत नाहीत, पण मागतात. घड्याळावरचं लेबल तसंच आहे. एका दिवसात माणूस किती बदलणार.

माझ्या बुडाला एक साल कोरलेलं आहे. ते उलटलं की माझं प्लास्टिक ठिसूळ होतं, मग मला मोडीत काढा, प्रेमाने कुणाला देऊ नका. आणि माझ्यासारखी कुणी जुनी मिळत असेल, तर ती अपघातातून गेलीय का ते आधी विचारा. वरून दिसत नाही.

राहता राहिले नाना. बाजारात, दवाखान्यासमोर, कुठेही उभ्या गाडीत बाळाची सीट दिसली, की ते मालकाची वाट बघत थांबतात. मालक आला की म्हणतात, जरा हलवून बघू का? लोक आधी बिचकतात. मग सीट हलते. मग लोक स्वतःहून विचारतात, आता काय करायचं? कव्हराखालचं प्लास्टिक नाना काचेतूनच ओळखतात. त्यांच्या खिशात आता भाजीची एक लहान सुरी असते, पिशवीत घातलेली. ही अक्कल कुणाची, असं कुणी विचारलं तर म्हणतात, सुनेची. आणि पीठ कुणाच्या डोक्यावर पडलं, ते विचारायच्या आत निघतात.

पण नानांचे गुडघे आता दुखतात. ते एकटे किती गाड्या हलवणार? म्हणून हे तुम्हाला सांगितलं. तुम्ही तुमच्या नणंदेला सांगा, भावजयीला सांगा, खालच्या मजल्यावर नुकतं बाळ आलंय त्यांना सांगा. पट्टा जातो तिथे धरायचं आणि हलवायचं. अंगठ्याच्या रुंदीएवढी हलली तर चालेल. जास्त हलली, तर खालचं सगळं काढायचं आणि पुन्हा बसवायची. आणि घरातलं कुणी म्हणालं, तू हलवलीस म्हणून हलली, तर वाद घालू नका.

घरात पीठ असतंच.